नऊशे चोपन्न मीटरवर वाघमारेबाई

गेल्या महिन्यात लातुरातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून गेले होते. तिथे सूर्यमालेची प्रतिकृती होती. काळ्या पुठ्ठ्यावर थर्माकोलचा सूर्य आणि त्याच्या शेजारी आठ ग्रह, लग्नाच्या ग्रुप फोटोत पाहुणे उभे राहतात तसे एकमेकांना खेटून. टाय लावलेला एक मुलगा पाठ केलेलं धडाधड म्हणत होता. दुसरी-तिसरीतल्या एका मुलीने त्याला मध्येच विचारलं, "शनी किती लांब आहे?"

मुलाने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "खूप लांब." आणि रांग पुढे सरकवली.

मी गुण लिहिले, सही केली आणि बाहेर येऊन चपला घालताना लक्षात आलं की मी धुमसत होते. रागाने. त्या सरांचा राग करण्यात अर्थ नव्हता. ते बिचारे अर्ध्या महाराष्ट्रात जे उत्तर देतात तेच देत होते. राग जुना होता. "वाघमारेबाईंबद्दल लिहिणे" ही नोंद माझ्या कामांच्या वहीत सहा वर्षं एका पानावरून दुसऱ्या पानावर ढकलली जात आहे. आज ती खोडायची असं ठरवून बसले आहे.

सुमन वाघमारे माझ्या शाळेत पाच वर्षं होत्या. मी अर्धापूर तालुक्यातल्या एका गावात सातवीपर्यंतच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ज्यांना लागायला हवं त्यांना लागणार नाही, आणि लेकरांना मात्र लागेल. केळीचं गाव, कालव्याचं पाणी, शाळेच्या फाटकातून निघून थेट अर्धापूर फाट्याला मिळणारा तीन किलोमीटरचा सरळसोट रस्ता. मी मूळची लातूरजवळच्या मुरुडकडची, शेतीवाल्या मराठा घरातली. बाई मुदखेडच्या, बौद्ध. वडील रेल्वेत गँगमन. ही माहिती कार्यालयाच्या फॉर्मसारखी वाटेल, पण पुढे तिचं काम आहे.

बाई बुटक्या होत्या. सुती साडी वर खोचलेली आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट बघून पहिल्या दिवशी पोरं हसली. बाई म्हणाल्या, "हसून घ्या. मग चालायचंय लई." खांद्याच्या पिशवीत पन्नास मीटरचा टेप आणि स्टीलचा चार कप्प्यांचा डबा असायचा. आमच्या गणिताच्या सरांनी एकदा मधल्या सुट्टीत तो डबा उघडला, आत एक हरभरा दिसला आणि तो सहज तोंडात टाकला. बाई खडू पुसत आत आल्या, डब्यात पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, पृथ्वी खाल्ली तुम्ही." सरांनी डबा घाईघाईने पुढे सरकवला. दुसऱ्या कप्प्यातली मोहरी चंद्र होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

त्यांच्या वर्गात तीन शब्दांना बंदी होती: खूप, लांब आणि मोठं. कुणी म्हटलं की "सूर्य खूप मोठा असतो" की बाईंची मान तिरकी व्हायची. "खूप म्हंजे किती? ढेकणाला मांजर बी खूप मोठं असतंय." दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "बघितलंस का ऐकलंस?" मूल काहीही सांगो, हा प्रश्न यायचाच. "बाई, रम्याने माझी पेन्सिल घेतली." "बघितलंस का ऐकलंस?" "बाई, चंद्र रात्रीच निघतो." "बघितलंस का ऐकलंस?" ऐकलं असेल तर वहीत डाव्या पानावर लिहायचं, बघितलं असेल तर उजव्या. मुलांची डावी पानं भराभर भरायची. उजवं पान भरून घेणं हाच बाईंचा अभ्यासक्रम होता.

चंद्राचं उदाहरण सांगते, कारण तेव्हा मीच चिडले होते. शनिवारची सकाळची शाळा. परिपाठ चालू होता. पोरं हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना म्हणत होती. वाघमारेबाई रांगेतून चालत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "थांबा. डोळे उघडा. केळीच्या बागेच्या वर बघा." पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झाले असतील. पश्चिमेला, चांगल्या लख्ख उजेडात, पुसट पांढरा चंद्र लटकत होता. एकशे चौदा लेकरं तोंड वासून बघत राहिली. सहावीतला एक मुलगा म्हणाला, "ह्यो रातचाच हाय. जायाचं विसरला." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "विसरला का रोजच ऱ्हातो, ते सोमवारी सांग. उद्या परवा बघत जा, कुठं असतो ते मांड." परिपाठ अकरा मिनिटं लांबला. तशी नोंद मी केली आणि बाईंना बोलावून सांगितलं की वेळापत्रक म्हणून काही असतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "लेकरू दहा वर्षाचं होतंय, रोज सकाळी ह्याच आभाळाखालून शाळेत येतंय, अन् त्याला दिवसाचा चंद्र म्हाईत न्हाई. आपण त्याला डोळे मिटायला शिकवून राहिलो."

ते मला पटलं. नोंद मात्र मी खोडली नाही.

दगडांची गोष्ट इथून सुरू होते. शाळेत सूर्यमालेचा एक तक्ता होता, वरून आलेला, लॅमिनेशन केलेला. बाईंनी तो भिंतीकडे तोंड करून टांगला. मी विचारलं तर म्हणाल्या, "खोटं चित्र हाय. लेकरांना वाटतं गुरू म्हंजे मंगळाचा शेजारी, साखर मागायला जाईल." मग त्यांनी मला एक कागद दाखवला. मला नीट मांडलेला कागद आवडतो, आणि हा फारच नीट होता. सूर्य ते पृथ्वी शंभर मीटर धरायचं. त्या हिशेबाने सूर्य त्र्याण्णव सेंटिमीटरचा, शाळेच्या फाटकावर. पृथ्वी हरभऱ्याएवढी, शंभर मीटरवर. चंद्र मोहरीएवढा, पृथ्वीपासून एक वीत आणि वर दोन बोटं. मंगळ एकशे बावन्न मीटरवर, ज्वारीचा टपोरा दाणा. गुरू कवठाएवढा, पाचशे वीस मीटरवर. शनी जरा लहान कवठ, नऊशे चोपन्न मीटरवर. युरेनस आणि नेपच्यून म्हणजे दोन लिंबं. पहिलं दोन किलोमीटरला थोडं कमी असताना, दुसरं पार फाट्यावर.

"आणि त्याच्या पुढचा तारा?" मी विचारलं.

"ह्या मापानं? फाट्यावरून निघायचं अन् पृथ्वीला अर्ध्याहून जास्त चक्कर मारायची. टमटम तिथपर्यंत जात न्हाई."

ग्रामपंचायतीने ठराव केला. प्रत्येक ग्रहाच्या जागी रस्त्याकडेला एक दगड, चुना लावलेला, त्यावर काळ्या रंगात नाव, अंतर आणि खऱ्या मापाचं वर्तुळ. ठरावावर शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणून आप्पांची सही होती. आप्पा म्हणजे गावचे माजी सरपंच. दगड वाहायला ट्रॅक्टरही त्यांचाच आला. मुलांनी टेप धरून प्रत्येक जागा तीन वेळा मोजली. तिन्ही वेळा जुळलं तरच दगड बसायचा. नऊशे चोपन्न मीटरवर तेव्हा बाभळीची दोन झाडं आणि मोकळी जागा होती, त्याशिवाय काही नव्हतं. हे वाक्य मी दोनदा तपासून लिहिलं आहे.

पुढची दोन वर्षं दर महिन्याला एक वर्ग बाईंबरोबर सूर्यापासून निघायचा. मंगळापर्यंत पोरं गप्पा मारत जायची. मंगळानंतर गुरू येईपर्यंत त्यांचा धीर सुटायचा. एकदा मी बरोबर होते. पाचवीतली राणी नावाची मुलगी अर्ध्या वाटेत थांबली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, मधी काय हाय?"

"काय दिसतंय?"

"काहीच न्हाई."

"मग तेच हाय. लिही, उजव्या पानावर."

राणीने लिहिलं: मधी काहीच नाही. आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तीस वर्षांच्या नोकरीत फार थोड्या वेळा पाहिलं. ती मागे फाटकावरच्या पिवळ्या सूर्याकडे बघत होती, मग पुढच्या रिकाम्या रस्त्याकडे, मग पुन्हा मागे. तक्त्याकडे बघून असा चेहरा होत नाही.

गावात लोकही दगडांना सरावले. "कुठं उतरायचं?" "युरेनसपाशी सोड." टमटमवाल्यांनी हे थांबेच करून टाकले. फक्त मंगळाशेजारच्या शिंप्याने, दोन मुली लग्नाच्या, दारात मंगळ नको म्हणून, दगडावर ओल्या कापडाचा पिळा वाळत घालायला सुरुवात केली. बाई जाता-येता पिळा उचलून बाजूला ठेवायच्या, तो परत टाकायचा. दोघंही ह्याबद्दल एकमेकांशी कधी बोलले नाहीत. इतपत चाललं होतं.

मग आप्पांनी शनीसमोर दुकान बांधलं. खतं-बियाण्यांचं, दोन शटरचं. दगड आधी होता आणि दुकान नंतर आलं, तेही दगड डोळ्यांसमोर असताना, पायाही त्याच्या शेजारीच खणून. दोन महिन्यांनी आप्पा माझ्या खोलीत आले. बाईही तिथेच होत्या.

"मोठ्या मॅडम, एक इनंती होती. तेवढा शनी सरकवा."

मला आधी कळलंच नाही.

"आवो, दुकान टाकल्यापासून बोअरची मोटार दोनदा जळाली. थोरल्याची सोयरीक ठरता ठरता फिसकटली. घरचे रोज म्हणून राहिलेत, दारात शनी बसवलाय तर बरकत कुठून येईल? गुरू तिकडं जनावराच्या हौदाजवळ फुकट पडलाय. तो द्या मला. शनी न्या तिकडं."

बाई हसल्या, कारण त्यांना वाटलं हा विनोद आहे. आप्पांचा चेहरा बघून थांबल्या. "आप्पा, माझा बाप रेल्वेत होता. लाइनीला किलोमीटरचा दगड असतोय. कुणाच्या दारात आला म्हणून कुणी तो हलवला का? तो जिथं येतो तिथं येतो."

"ती रेल्वे सरकारची हाय, बाई. ह्यो दगड गावचा हाय."

"दगड गावचा. अंतर कुणाचंच न्हाई."

तरी बाईंनी हेका धरला नाही, हे मला इथे ठळक लिहायचं आहे. कारण पुढे त्यांच्याविरुद्ध जे जे लिहिलं गेलं त्यात "हटवादी" हा शब्द चार वेळा आला. दुसऱ्या दिवशी त्या गावाचा नकाशा आणि कंपास घेऊन समितीच्या बैठकीला आल्या. शाळेवर टोक ठेवून त्यांनी एक गोल काढला. म्हणाल्या, "ग्रह काही एका जागी उभा ऱ्हात न्हाई, सूर्याभोवती फिरतो. म्हंजे शनी ह्या गोलावर कुठं बी असू शकतो. तुम्ही जागा दाखवा, दगड मी स्वतः उचलते. अट एकच. गोल सोडायचा न्हाई. आत न्हाई, बाहेर न्हाई."

यापेक्षा जास्त काय द्यायचं माणसाने? मी तो नकाशा अजून जपून ठेवला आहे. त्या गोलावर जिथे जिथे जागा होती तिथल्या मालकांचं म्हणणं मी टिपलं होतं. पहिल्या केळीच्या बागेवाल्याने सांगितलं, घड लहान पडतील. दुसऱ्याने सांगितलं, पहिला नाही म्हणतो तर मी का? पाणीपुरवठ्याच्या विहिरीला नको, अख्खं गाव ते पाणी पितं. स्मशानाच्या वाटेला तर मुळीच नको. राहिला कालव्याचा बांध, तो कुणाच्याच बापाचा नव्हता. तिथे एक सदस्य म्हणाले, "वाहत्या पाण्यावर शनीची सावली पडंल, मग खालच्या समद्या शेतात जाईल." टीव्हीवर उपग्रह सोडलेला बघून ह्याच लोकांनी शाळेत पेढे वाटले होते. पेढ्यांच्या पुड्यावर सगळ्यात मोठं नाव ह्याच सदस्यांचं होतं.

मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "वस्तीकडं न्या की. त्यांच्यात कुठं मानतात?"

वस्ती म्हणजे बौद्धवस्ती. त्याच रस्त्यावर, पण पुढे, गोलाच्या बाहेर. खोलीत सतरंजीवर बारा माणसं होती आणि बारांपैकी कुणी वाघमारेबाईंकडे बघेना. मी हजेरीच्या रजिस्टरात बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

आप्पाच बोलले, अगदी गोडीने. "खरं हाय. बाई, तुम्ही लोक ह्ये मानतच न्हाई. मग तुमाला त्याचं काय वावडं?"

"मानत न्हाई म्हणूनच तो जिथं हाय तिथं ठेवते, आप्पा," बाई म्हणाल्या. "मानत असते तर कवाच सरकवला असता."

त्या नकाशाची घडी न घालता उठून गेल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुरुडला होते. आप्पांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही फकस्त हो म्हणा. बाकीचं आमी बघतो." मी म्हटलं, "सुट्टी संपेपर्यंत काय ते मिटवा." ह्याचा अर्थ त्यांनाही कळला आणि मलाही. त्या दिवशीच्या माझ्या यादीत चौथी नोंद होती, "शनी, आप्पा, मिटवणे." फोन ठेवल्यावर मी तिच्यापुढे बरोबरची खूण केली. इतरांवर रागावण्याआधी ती खूण मला रोज दिसते, एवढं सांगून पुढे जाते.

दगड ट्रॅक्टरने उचलून वस्तीच्या तोंडाशी टाकला. मी सुट्टीवरून टमटमने परतत होते, ती तिथे थांबली. वस्तीतल्या गयाबाई, डोक्यावर गवताचा भारा, मला बघून थांबल्या. "मोठ्या बाई, तुमच्या गावाला नको झालेलं समदं आमच्याच दारात कामून येतं वो?" टमटम निघाली.  

शाळा भरली आणि पहिल्याच आठवड्यात पाचवी-सहावी फेरीला गेली. वाघमारेबाईंना काही कळवलेलं नव्हतं. त्यांना वस्तीतून कळलं असणार, पण त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. पोरं नऊशे चोपन्नपर्यंत मोजत गेली. राणीने आधी दुकान पाहिलं, मग दुकानासमोरचा खड्डा.

"बाई, शनी पळाला!"

"बघितलंस का ऐकलंस?"

"बघितलं! ह्यो काय खड्डा."

"मग शोधा कुठं गेला. मोजत जा."

पोरांनी टेप टाकत टाकत वस्ती गाठली. चौदाशे दोन मीटर. तिथेच मांडी घालून सगळ्यांनी लिहिलं. बाईंनी फळा नव्हता म्हणून तोंडी सांगितलं, असं नंतर सिद्ध करण्यात आलं. खरं म्हणजे वाक्य राणीचं होतं, बाकीच्यांनी तिचं बघून उतरवलं. एकोणतीस वह्यांच्या उजव्या पानावर एकच मजकूर आहे: "शनीचा दगड १४०२ मीटरवर आहे. तो ९५४ मीटरवर पाहिजे. दगड हलवला आहे. शनी हलला नाही."

त्या वह्या घरोघरी गेल्या. चार दिवसांत तक्रार झाली. गावाविरुद्ध मुलांना भडकावणे, श्रद्धेचा अपमान, अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवणे. चौकशीला एक अधिकारी आले. माझ्या खोलीत तीन तास बसले, दोनदा चहा झाला. बाईंना त्यांनी अकरा प्रश्न विचारले, मी सगळे लिहून घेतले. बाई कुठल्या संघटनेच्या आहेत? दगडांना वरून लेखी मान्यता होती का? वहीतलं वाक्य कुणाचं? मुलांना रस्त्यावर नेताना पालकांची संमतीपत्रं आहेत का? ग्रामस्थांशी संबंध कसे आहेत? असे अकरा. अंतर किती आहे, हा प्रश्न त्यांत नाही. टेप टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाला टेकून पडला होता.

बाई शेवटी म्हणाल्या, "साहेब, चला मोजू. वीस मिनिटं लागतील. चुकलं असलं तर मी लिहून देते."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "ऊन लई आहे, बाई."

नोव्हेंबर महिना होता.

महिन्याभरात बदलीचा आदेश आला. प्रशासकीय कारणास्तव, देगलूरच्याही पुढे, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. बाईंची आई मुदखेडला एकटी, डोळ्यांनी अधू. तसा अर्ज बाईंनी केला. अर्जाला उत्तर आलं नाही. मी माझ्या परीने दोन पत्रं लिहिली, ती पोहोचल्याच्या पावत्या माझ्याकडे आहेत. पावत्या ठेवण्यात मी कधीच कमी पडले नाही.

कार्यमुक्तीच्या कागदावर सही करताना मी म्हटलं, "बाई, मी तेव्हा फोनवर..."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. कागदाची प्रत पिशवीत ठेवली, डबा टेबलावर ठेवला. "ह्यो सहावीला द्या. हरभरा मात्र बदलत जा, किडतो. आज शेवटचा तास बाहेर घेऊ का?"

मी हो म्हटलं.

त्यांनी पाचवी आणि सहावी फाटकाशी आणली, सूर्याखाली उभी केली. ह्या वेळी बरोबर कुणाला घेतलं नाही. "तुम्ही सूर्यापाशी थांबा. मी कुठं थांबते ते बघा, अन् मी केवढी दिसते ते लिहा." पिशवी खांद्याला लावली आणि त्या निघाल्या. पोरं मोठ्याने पावलं मोजत होती. मंगळाच्या पिळ्याजवळून गेल्या. हौद गेला. पुढे आवाजाने मोजणं जमेना, पोरं नुसती बघत राहिली. आप्पांच्या दुकानासमोर त्या थांबल्या, आमच्याकडे तोंड करून.

तिथे काय बोलणं झालं ते मला नंतर दुकानातल्या गड्याने सांगितलं. आप्पा बाहेर आले होते. "बाई, दगड तर गेला. आता काय ऱ्हायलं इथं?"

"जागा ऱ्हायली की."

आप्पांनी आतून खुर्ची आणवली. "बसा तरी. उन्हात कामून उभ्या?"

"बसल्यावर लेकरांना दिसणार न्हाई."

गिऱ्हाइकं आली, खताची पोती उचलून गेली, बाईंना वळसा घालून. आप्पा गल्ल्यावर जाऊन बसले आणि पूर्ण वेळ पाठमोरे बसले, असं गडी म्हणाला. चाळीस मिनिटांचा तास. इकडे फाटकाशी पोरं एक डोळा मिटून, हात लांब करून मापं घेत होती. राणीने अंगठ्याचं नख धरून पाहिलं, नख फारच मोठं झालं. शेवटी म्हणाली, "मोठ्या मॅडम, बाई तिळाएवढ्या दिसून राहिल्या." मी म्हटलं, लिही. तिने विचारलं, "कोणत्या पानावर?" मी तिच्याकडे पाहिलं. तिला खरंच माझ्याकडून उत्तर हवं होतं.

"उजव्या," मी म्हटलं.

तास संपल्याची घंटा झाली. बाई परत येतील म्हणून मी पोरांना थांबवून ठेवलं. आल्या नाहीत. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "बाईंनी हात केला!" खरंच, त्या तिळाच्या एका बाजूला काहीतरी वर झालं होतं. एकोणतीस लेकरांनी उड्या मारत हात हलवले. मीही हलवला. गावाच्या आतून एक टमटम आली आणि आमच्या समोरून तिकडे गेली. दुकानासमोर ती थांबली, तेव्हा मला कळलं की हात तिला केला होता.